खारट शिऱ्याची हिमानी

एकदा बसलेला शिक्का पुसला जात नाही, हे तत्त्व जीवशास्त्र आणि मराठी मंडळ या दोन्ही संस्थांना बरीच वर्षं मान्य होतं.

जीवशास्त्राचं म्हणणं असं. पेशीत डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. रिळावर मिथाइलची बारीकशी चिठ्ठी डकवली, की धाग्याचा तेवढा भाग वाचायचा की मिटून ठेवायचा ते ठरतं. ही चिठ्ठी निघत नाही, असं भलेभले छातीठोकपणे सांगत.

आमच्या अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या मंडळाला इतकं खोलात जावं लागलं नाही. २००१ साली हिमानी पुण्याहून नवीनच आली होती आणि मालिनीकाकूंच्या सत्यनारायणाचा शिरा तिने हौसेने अंगावर घेतला. ओट्यावर दोन डबे होते. एकात बारीक पांढरी पूड, दुसऱ्यात जाड दाणे. जाड ती साखर आणि बारीक ते मीठ, हे मराठी मुलीला पाळण्यातच कळतं. अमेरिकेत ते उलटही असू शकतं, हे व्हिसाच्या मुलाखतीत कोणी सांगत नाही. शिऱ्यात सव्वा वाटी मीठ पडलं. प्रसाद टाकता येत नाही, म्हणून समस्त भाविकांनी तो डोळे मिटून गिळला (तल्लीनता अभूतपूर्व होती). पुढे हिमानीला डॉक्टरेट मिळाली, पण नाव 'खारट शिऱ्याची' हेच राहिलं.

२००४ च्या अखेरीस विज्ञानाने माघार घेतली. ती चिठ्ठी अलगद सोडवणारं एन्झाइम सापडलं: लायसीन-स्पेसिफिक डीमिथायलेज. हिमानीचं काम त्याच विषयात होतं. तिला फार आनंद झाला, आणि तो निव्वळ शास्त्रीय नव्हता. २००६ च्या सत्यनारायणाआधी तिने मंडळात यावर भाषणच दिलं. टाळ्या पडल्या.

"काय क्लिअर एक्सप्लेन केलंस गं!" काकू म्हणाल्या. "म्हणजे कुठलाच मार्क पर्मनंट नसतो!"

"मग काकू, या वेळी प्रसाद मी करू?"

तेवढ्यात काकूंची चार वर्षांची नात अनिका म्हणाली, "आजी, इज शी द सॉल्ट आंटी?"

(शिरा झाला तेव्हा अनिका जन्मलीही नव्हती. चिठ्ठ्या पुढच्या पिढीत उतरतात का, यावर विज्ञानात मतभेद आहेत. मंडळात नाहीत.)

"तू ना," काकू मायेने म्हणाल्या, "पेपर प्लेट्स आण."

हिमानीने आणल्या. तिला वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. आम्हालाही वाटलं. प्लेट्सना मीठ लागलेलं नाही ना, एवढं मात्र आम्ही बोट फिरवून बघून घेतलं.

मंडळ मागासलेलं आहे, असं वाचक आता म्हणतील. जरूर म्हणावं. फक्त आधी, वर न बघता, त्या एन्झाइमचं नाव सांगावं.

नाही ना आठवत? बरं, हिमानीने शिऱ्यात काय घातलं होतं?