नरहरपंतांची घोंगडीची मोटार

नरहरपंत आमच्याकडे आले की आधी खुर्ची उलटी करत. बसायला दिलेली खुर्ची उचलायची, पाय वर करून जमिनीवर ठेवायची, खालची वेताची वीण आणि खिळे नीट निरखायचे, मग ती सुलटी करून तिच्यावर बसायचं. पहिल्यांदा आमच्या हिला वाटलं, ढेकूण शोधताहेत. तिचा चेहरा पाहून पंत म्हणाले, "वहिनी, वरचं काय, वरचं सगळेच बघतात."

हे वाक्य त्यांच्या तोंडी दिवसातून दहादा यायचं. लग्नाला गेले तर नवऱ्या मुलाला आशीर्वाद देता देता त्याच्या कोटाचं अस्तर चाचपून येत. अंबरनाथच्या एकाच कारखान्यात आम्ही नोकरीला, ते हजेरीच्या खिडकीवर आणि मी भांडारात. घरंही शेजारी-शेजारी. पंचेचाळिशी उलटलेला हा गृहस्थ अविवाहित होता, हाताने स्वयंपाक करी आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात.

अशा माणसाने एका दिवाळीनंतर मोटार आणली, तेव्हा अख्खी चाळ बघायला लोटली. गाडी जुनी, पण विलायती. आत तांबूस चामड्याच्या बैठका आणि दारांनाही आतून तेच चामडं. आम्ही त्या चामड्यावरून हात फिरवतोय तोवर पंत पेचकस घेऊन आले आणि त्यांनी दाराच्या आतली पाटी उचकटायला सुरुवात केली. तासाभरात चारी दारांचं चामडं अंगणात पडलं होतं. लोक म्हणाले, डोकं फिरलं.

डोकं फिरलेलं नव्हतं. कारण चामटोली गावात होतं आणि त्याचं नाव यमूआक्का.

आक्का म्हणजे पंतांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली. पुढे आई गेली, तेव्हा पाच वर्षांच्या नरूला तिनेच वाढवलं. आता ती चामटोलीला भाताची चार खाचरं सांभाळून एकटी राहत होती. अंबरनाथला भावाकडे यायला तयार नव्हती, कारण आमच्या नळाला आतून चामड्याची चकती आणि ते पाणी आक्काच्या सोवळ्याला चालत नव्हतं. तिची एकच इच्छा होती. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शंकराला आपल्या विहिरीचं पाणी स्वतःच्या हाताने घालायचं. पूर्वी दरसाल चालत येई. गुडघे गेले तशी तीन शिवरात्री घरीच झाल्या होत्या. बैलगाडीत गुडघे असे हादरत की उतरल्यावर उभं राहवत नसे. म्हणून मोटार. आणि सोवळ्यात चामड्यावर बसायचं कसं, म्हणून हा उद्योग.

नवं आवरण घ्यायला मला घेऊन पंत कॅम्पात गेले. त्याला उल्हासनगर म्हणायची सवय लोकांना अजून व्हायची होती. तिथे ताहिलराम नावाचा सिंधी दुकानदार रेक्झिन विकत असे. पंतांनी आधी त्याचं बाकडं उलटं केलं, मग काम सांगितलं. तो बिचारा म्हणाला, "साईं, लोग मेरे पास चमडा लगवाने आते हैं. आप निकालते हो?" पण कापडावर रोगण चढवून केलेलं, चामड्याचा अंशही नसलेलं रेक्झिन त्याने मापून दिलं.

कामाची त्यांची पद्धत चोख होती. जुनं चामडं नव्या मालावर पसरायचं, खडूने रेघ मारायची, दुमडायला दोन बोटं जास्त सोडून कापायचं. फक्त घाईत उजव्या दारांचं चामडं उलटं पसरलं गेलं आणि चारीच्या चारी तुकडे डाव्या बाजूचे निघाले. पुन्हा ताहिलराम. नंतर बैठका झाल्या, दारं झाली, आणि रविवारी आम्ही दोघे गाडी घेऊन चामटोलीला गेलो.

आक्काने काठी टेकत गाडीभोवती एक फेरी मारली. दार उघडून आत बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे चामडंच आहे."

पंतांनी तुकडा उसवून आतला कापडाचा धागा दाखवला. उपयोग झाला नाही.

मग घोंगडी. लोकरीला विटाळ नाही, हे शास्त्र. पंतांनी धनगराकडून सहा काळी घोंगडी आणली. घोंगडीला डावं-उजवं नसतं, याचा त्यांना फार आनंद झाला. कणकेची खळ शिजवून त्यांनी ती पाट्यांवर चिकटवली. दुसऱ्या रविवारी आक्काने दार हुंगलं आणि विचारलं, "चिकटवलंस कशाने?" पंतांनी खरं ते सांगितलं. आक्का म्हणाली, "शिजवलेली कणीक, म्हणजे खरकटं."

पंत गाडीत घालायचं पाणी शेंदायला विहिरीवर गेले. मला मात्र राहवलं नाही. मी म्हटलं, आक्का, शिवरात्र तोंडावर आली, माणूस रात्रंदिवस खपतोय, आता पुरे करा.

आक्का पायरीवर बसली. गुडघे चोळत हळूच म्हणाली, "मला रेक्झिन कळत नाही होय? पण हा वर्षातून दोनदा यायचा हो, दिवाळीला नि भाऊबीजेला, म्हणजे एकदाच की. आता दर रविवारी येतो. काम संपलं की कशाला येईल?"

मला तिचा राग आला आणि वाईटही वाटलं.

तिसऱ्या खेपेला पंतांनी खळ धुऊन काढली आणि घोंगडी पितळी चुका ठोकून बसवली. या वेळी आक्काला खोट सापडली नाही. किंवा शंकराची ओढ जास्त झाली असेल. महाशिवरात्रीला पंत उघड्या अंगाने, सोवळ्याचा मुकटा नेसून विलायती मोटार चालवत होते, मागे आक्का मांडीवर पाण्याचा तांब्या धरून बसली होती, आणि आत मेंढरांच्या कळपासारखा वास येत होता. सोवळं नसल्याने मी सायकलने गेलो. गाभाऱ्याच्या पायऱ्या आक्का पंतांच्या खांद्याला धरून एकेक करत उतरली. वर आली तेव्हा तिचे डोळे वाहत होते. पंत आधीच पुसलेली काच पुन्हा पुसत बसले.

झालं, म्हटलं सुटले बिचारे. पुढच्या रविवारी सकाळी पाहतो तर पंत गाडीत उताणे पडून छताचं कापड फाडताहेत.

"हे कशाला आता?"

"त्याच्या मागे सरस असणार हो. जनावरांच्या हाडांचा. आक्काच्या डोक्यावरच की. आज तिला विचारून येतो, काय लावायचं ते."

आता मात्र मी पायरीवरची ती गोष्ट सांगून टाकली. म्हटलं, पंत, तिला ना चामड्याचं काही होतं, ना खळीचं. तुम्ही यावं, एवढंच होतं.

पंत तसेच उताणे पडून राहिले. हातातलं कापड त्यांनी छातीवर ठेवलं.

"रेक्झिनला बोट लावलं तेव्हाच कळलं मला," ते म्हणाले. "मलाही रविवारी दुसरं कोण आहे? जरा ते टोक धरा. आणि मला कळलंय हे तिला सांगू नका, नाहीतर बोलवायला लाजेल."

मी टोक धरलं.