पांगाऱ्याची बत्तिशी

माणसाच्या तोंडातला कुठलाही दात माझ्या हातात द्या! डोळे मिटून नुसता चाचपून सांगेन, वरचा की खालचा, डावा की उजवा! अशी बढाई मी त्या वर्षी गावभर मारत फिरत होतो. आणि बढाई खोटी नव्हती हो! काळी नदीच्या काठी आमचा एवढासा सरकारी दवाखाना, आणि मी तिथला कंपाउंडर. खोकल्याचं लाल औषध आणि तापाचं कडू औषध बाटल्यांत भरायचं, यापलीकडं मला कुणी काही करू देत नव्हतं. पण डोक्यात एकच भूत बसलेलं, दातांचं काम शिकायचं.

त्याला कारण माझी तारा आक्का. आई गेल्यावर हिनंच मला लहानाचा मोठा केला. एकदा तिची दाढ दुखायला लागली. आमच्या मुलखात तेव्हा दात उपटायचं काम लोहाराकडं. माणूस देवगुणी, नांगराचा फाळ तर असा करायचा की बघत राहावं! पण त्यानं आक्काची दुखरी दाढ राहू दिली आणि शेजारची धडधाकट उपटली. चूक कळल्यावर बिचारा इतका ओशाळला, की लगेच दुसरीही उपटून मोकळा झाला! आक्का कितीतरी दिवस नुसत्या पेजेवर होती. तेव्हाच मी ठरवलं, की हे काम आपण नीट शिकून घ्यायचं.

तशात बातमी आली. बेळगावचे दातांचे डॉक्टर आमच्याकडं फेरीवर येणार होते आणि हाताखाली शिकवायला एक माणूस घेऊन जाणार होते. आमचे डॉक्टर कृष्णराव मला म्हणाले, "वासू, साहेब फार कडक आहेत. तोंडातला एकूण एक दात लाकडात कोरून दाखवील, त्यालाच नेणार म्हणतात. आणि लिंबाएवढा मोठा कोर हां, म्हणजे चूक झाकायला जागा राहायची नाही!"

झालं! पांगाऱ्याचं मऊ लाकूड आणलं, चाकूला धार लावली आणि डॉक्टरांच्या पुस्तकातली चित्रं पुढं ठेवून बसलो. पटाशीचे दात फावड्यासारखे, ते झटक्यात जमले. सुळ्याचं मूळ सगळ्यांत लांब, तेही जमलं. पण दाढांनी घाम काढला! वरच्या दाढेला तीन मुळं, खालच्या दाढेला दोन, माथ्यावर उंचवटे, उंचवट्यांमधून घळी. अणशीचा घाट परवडला, पण दाढ नको! रोज जेवताना मी आक्काला एकेक दात दाखवून सगळं समजावून सांगायचो. आक्का ताकभात कालवत, धाकट्या भावाला कानडीत म्हणतात तसं, "व्हय तम्मा, व्हय" म्हणायची. शेवटचा दात कोरून झाला तेव्हा मी तो हातात नाचवत ओरडलो, "बघच आता आक्का! या गावात यापुढं कुणाची दाढ दुखायची नाही!"

तेवढं एक वाक्य गिळलं असतं तर काय बिघडलं असतं?

सगळ्या दातांना मेण चोळलं, सुपात घालून ओसरीवर ठेवले आणि मी दवाखान्यात गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब यायचे होते. दिवेलागणीला शीळ वाजवत घरी येतो, तर सूप रिकामं! एक अक्कलदाढ तेवढी कोपऱ्यात पडलेली.

"आक्का! दात कुठं गेले?"

"गेले की ज्येचे त्येच्याकडं," आक्का भाकरी थापत म्हणाली.

"ज्येचे म्हणजे कुणाचे?"

"सुंदरी आली हुती, गाल ह्यो असा सुजलेला! वरची डावी दाढ म्हणाली, दिली. मग फुला आली. मग म्हादू आला. मग काय, सगळा गावच आला की रं!"

"आणि तू वाटलेस?"

"मग? देवाला व्हायलाच केलं हुतंस न्हवं? तूच म्हणालास, आता कुणाची दाढ दुखायची न्हाई!"

आता हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडं हात दुखला की लाकडाचा हात, पाय दुखला की लाकडाचा पाय कोरून राईतल्या देवापुढं ठेवायची रीत. देव लाकडाचा घेतो आणि खरा बरा करतो. मग भाऊ रोज दात कोरत बसलाय म्हटल्यावर आक्कानं दुसरं काय समजावं? आणि वाटपात तिनं तिळभर हयगय केली नव्हती! वरच्या दुखण्याला वरचा, डाव्याला डावा, मी शिकवलं होतं तस्संच! फुलाला काहीच दुखत नव्हतं, तिनं पुढंमागं लागेल म्हणून एक सुळा नेला. नागूआजीच्या तोंडात तर एकही दात नाही. तिनं खालची सगळी पटाशी उचलली आणि म्हणाली, देवाला देऊन बघते, उगवली तर उगवली!

"आणि ही अक्कलदाढ?" मी रडकुंडीला येऊन विचारलं.

"ती कुणी मागितली न्हाई. म्हटलं, तुलाच ऱ्हाऊ दे."

तसाच धावत राईत गेलो. देवाच्या पाषाणापुढं माझे दात कसे ओळीनं मांडलेले, एकेकावर कुंकवाचं बोट! दात वाहायला आलेली मंडळी अजून तिथंच होती, आणि गावचा गावकर लखूही. गावाच्या वतीनं देवाशी बोलायचा मान त्याचा. मी त्याचे पाय धरले.

"लखूदादा, दात परत दे! उद्या साहेबांना दाखवले नाहीत तर माझं शिकणं संपलं बघ!"

"वासू, देवाला व्हायलेलं परत न्हेऊ नये रं," लखू म्हणाला. "ज्यो न्हेईल, त्येच्या तोंडात सगळ्यांचं दुखणं शिरल. पर तुझं काम बी मोठं हाय. देवालाच इचारूया."

त्यानं पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओले तांदूळ चिकटवले. उजवीकडचे आधी पडले तर न्यायचे, डावीकडचे पडले तर ठेवायचे. मी उजवीकडं डोळे लावले. डावीकडचे पडले! "परत लाव," मी म्हणालो. परत डावीकडचेच!

"देव बी काय करल?" म्हादू मागून म्हणाला. "येवढं दात येकदम त्येला कवा कुणी दिलं हुतं?"

मला रडूच कोसळलं. एवढा बाप्या मी, पण लाज सोडून सगळ्यांसमोर रडलो. सुंदरी सुजलेला गाल धरून म्हणाली, "अय्यो, आमच्यापायी झालं की वो!" लखू दाढी खाजवत म्हणाला, "तू घरला जा, वासू. तू आमास्नी दात दिलास. आमी काय तुला उघड्यावर टाकणार हाय?"

सकाळी दवाखान्यात पोचलो ते गळ्यात धोंडा बांधल्यासारखा. साहेब आलेले, टेबलापाशी बसलेले. "कुठं आहेत तुझे दात?" त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दारातून लखू आत आला. त्याच्यामागं सुंदरी, म्हादू, फुला, नागूआजी, सगळी मंडळी! झाडून सगळे आले होते, तोंडं चुळा भरून स्वच्छ केलेली.

"ह्ये घ्या साहेब, वासूचं दात," लखू म्हणाला. "लाकडाचं देवाकडं हायत. त्येच्या बदल्यात आमी आमचं आणल्यात. ज्येनं ज्यो न्हेला, त्येनं त्यो दावायचा!"

आणि सगळ्यांनी एकदम आ केला!

साहेबांची खुर्ची मागं सरकली. कृष्णरावांनी कपाळाला हात लावला. माझ्या मात्र अंगात कुठून बळ आलं कोण जाणे! मी मंडळींना जबड्यासारखं बसवायला घेतलं, वरचे बाकावर, खालचे जमिनीवर. तिथंही भांडण! म्हादू म्हणतो, "मी वरची दाढ हाय, मला भिताडाला टेकायला जागा द्या!" फुला म्हणते, "मी सुळा, मी कोपऱ्यावरच बसणार!"

"वरची पहिली दाढ?" साहेबांनी विचारलं.

"सुंदरीवहिनी, आ करा! हे बघा साहेब, माथ्यावर चार उंचवटे."

"खालचे पटाशीचे?"

"नागूआजी!"

साहेबांनी वाकून बघितलं. "इथं तर एकही दात नाही!"

"जागा हाय न्हवं?" नागूआजी हिरड्या दाखवत म्हणाली.

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण लगेच ते कडक झाले. "तोंडातलं दिसतं ते कुणीही सांगेल. या वरच्या दाढेची मुळं कशी असतात ते दाखव."

आता मुळं कुठून दाखवू? ती तर हिरडीत! सगळी तोंडं हळूहळू मिटली. तेवढ्यात म्हादू उठला. "साहेब, माझी वरची दाढ पाडव्यापास्नं हालत्या. जेवू देत न्हाई, झोपू देत न्हाई. वासू, वढ ती!"

साहेबांनी चिमटा माझ्या हातात दिला. आयुष्यात पहिल्यांदा! मी पकडली, जोर लावला, आणि म्हादू असा ओरडला, की बाहेरचे बैल दावी तोडून पळाले!

"ही न्हवं रं! पल्याडची! पल्याडची!"

पल्याडची धरली, हलवली, आणि सुटकन हातात आली! तीन मुळं! मी कोरली होती तश्शीच, दोन गालाकडं, एक टाळूकडं! मी ती दाढ उंच धरली आणि सगळा दवाखाना ओरडला. म्हादूनं रक्त थुंकलं आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आता जा बेळगावला!"

साहेबांनी मला घेतलं. एवढंच नाही, अस्तन्या सारून ते दुपारभर बसले आणि दुखत होते तेवढे सगळे दात त्यांनी बरे केले. सुंदरीचा गाल चार दिवसांत उतरला. मी प्रत्येकाच्या घरी जाऊन पाया पडलो. लोक लाकडाचा दात नेतात आणि परत देताना तोंडातला काढून देतात, अशी माणसं मला कुठं मिळायची होती? आजवर मी जे काही शिकलो, ते त्यांच्या उघड्या तोंडांमुळं! हे ऋण फिटायचं नाही, आणि मला ते फेडायचंही नाही.

निघायच्या दिवशी सगळे मला राईत घेऊन गेले. माझ्यासाठी गाऱ्हाणं घालायचं होतं. आक्का पदरानं डोळे पुसत होती. मी छाती काढून उभा राहिलो. आता माझ्या हुशारीचं काहीतरी देवाच्या कानावर जाणार, दुसरं काय! लखूनं हात जोडले आणि खड्या आवाजात सुरुवात केली.

"बा म्हाराजा! ह्यो आमचा वासू बेळगावला चाललाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"लेकरू गुणाचं हाय. पर बेळगावच्या लोकास्नी अजून काय बी ठावं न्हाई, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वासूच्या चिमट्यापास्नं त्येंच्या धडधाकट दाढा तूच संबाळ, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज म्हादूचा. त्याच्या खालोखाल आक्काचा. आणि आता तुमच्यापासून काय लपवायचं? दोन्ही हात जोडून, डोळे घट्ट मिटून, मीही मनापासून म्हणालो, "व्हय म्हाराजा!"