मागच्या अंगणातला वारा

घराची पवनचक्की कुठे बसवायची, हे अंदाजपंचे ठरवणं प्राध्यापकांना मंजूर नव्हतं. कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवत. त्यांनी कागदी पेल्यांची तीन भिरभिरी केली, प्रत्येकातला एक पेला लाल रंगवला आणि जागा वाटून दिल्या. गच्ची बायकोला, फाटक स्वतःला आणि मागचं अंगण सासऱ्यांना. रोज संध्याकाळी तिघांनी एकाच वेळी लाल पेल्याच्या फेऱ्या मोजायच्या. सासरे नुकतेच लेकीकडे राहायला आले होते. इथे आपला काही उपयोग नाही, म्हणून अंग चोरून वावरायचे. काम मिळाल्यावर ते जरा खुलले.

पहिल्या दिवशी त्यांनी शून्य सांगितलं. नापास विद्यार्थ्याकडे पाहावं तसं प्राध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून मागच्या अंगणात वारा सुटला. आठवडा संपेपर्यंत त्याने गच्चीलाही मागे टाकलं.

बायको म्हणाली, मागे तिन्ही बाजूंनी भिंती आहेत, तिथे वाळत घातलेला रुमालसुद्धा हलत नाही. त्यावर प्राध्यापकांनी आकडे बघायचे, रुमाल नाही, असं सुनावलं. शिवाय तिच्यासारखं गच्चीवर फोनवर बोलत मोजलं की फेऱ्या सुटणारच, हेही ऐकवलं. मागे सिमेंट ओतून बुटका खांब उभा राहिला, त्यावर चक्की चढली आणि ढिम्म हलेना.

प्राध्यापकांनी आधी बसवणाऱ्याला फैलावर घेतलं, मग स्वतः तेल घातलं. शेवटी सासरेच खाली मान घालून पुढे आले.

"जावईबापू, पेला मी बोटाने ढकलायचो."

"का पण?"

"तुम्हा दोघांकडे वारा, माझ्याकडेच नाही. वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

प्राध्यापकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शून्य हेसुद्धा उत्तर असतं, असं ते दरवर्षी वर्गात घसा फोडून सांगत. सासऱ्यांना धीर द्यायचंही राहून गेलं. बायकोकडे बघायची तर सोयच नव्हती. ते तडक आत गेले.

सकाळी मागून करकर ऐकू आली. प्राध्यापक धावत अंगणात गेले. चक्की फिरत होती, आणि खिडकीखाली स्टुलावर उभी राहून बायको जळमटं काढायच्या काठीने पाती ढकलत होती.

"हळू बोला," ती कुजबुजली. "बाबा आत चहा घेतायत. रात्रभर डोळा लागला नाही त्यांचा. चष्मा लावला नाहीये, तोवर फिरवते."

प्राध्यापकांनी काठी मागून घेतली आणि स्टुलावर चढले. त्यांच्या हाताला सवय नव्हती, त्यामुळे पाती जरा जोरातच फिरली.

आतून सासऱ्यांचा आवाज आला. "बघ गं, आहे की वारा. मी उगाच घाबरलो. जावईबापूंचं गणित चुकायचं नाही."

कानापर्यंत लाल झालेले प्राध्यापक मान खाली घालून चक्की फिरवत राहिले.