सून दुपारी टाळा

पोर खांद्यावर झोपली होती, उजवा हात तिच्या पाठीवर होता आणि गावाचे उन्हाळी पत्रक पाचच्या आत कार्यालयात पोचायचे होते. लिपिकबाईने मग डाव्या हातात फोन धरला आणि मजकूर टंकण्याऐवजी बोलून टाकायचे ठरवले. आपण बोलावे आणि फोनने मुकाट्याने लिहून घ्यावे. बाईमाणसाचे एवढे ऐकणारे घरात दुसरे होते तरी कोण?

तलावाचा तळ दिसू लागला तरी पोहायला उतरू नका, वाळके गवत पेटवू नका, वाचनालय सकाळी लवकर उघडेल, इथवर सगळे सुरळीत झाले. मग उष्माघाताची सूचना आली. तिथे प्रत्येक वाक्य ‘ऊन’ या शब्दाने सुरू होत होते, आणि वाक्य सुरू करताना आवाज जरा चढला की पोर चुळबुळायची. म्हणून बाई दरवेळी आधी “स्स्स” करून थोपटायची आणि त्याच दमात पुढचे बोलायची. पोर उठली नाही. बाईला स्वतःचेच कौतुक वाटले. साहेबांनी न वाचता सही ठोकली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच पत्रक घरोघर गेले.

दहा वाजता बाई कार्यालयात आली, तर ओट्यावरची माणसे तिच्याकडे नवलाने बघत होती. आत निवृत्त मास्तर पत्रकाची घडी घेऊन थांबले होते.

“बारा ते चार लिहिलंय. साडेचारला चालेल का?”

“चालेल की. तोवर ताप कमी झालेला असतो.”

“आमच्याकडे नाही होत हो,” मास्तर दाराकडे बघत हळूच म्हणाले. “स्वयंपाकाच्या वेळी तर जास्तच वाढतो.”

चुलीपाशी वाढणारच, असे बाईने समजावले. मास्तर गहिवरून गेले. मागून दूधवाला आला. त्याची शंका वेगळीच होती: घरात दोन आहेत, त्यातली एक गरीब आहे, तर दोघींनाही टाळायचे का? आता मात्र बाईला राहवेना. तिने पत्रक ओढून घेतले आणि वाचले.

‘सून दुपारी बारा ते चार टाळा. सून डोक्यावर घेऊ नका. सून वृद्धांना सोसत नाही. सून लागल्यास अंगावर ओले फडके टाकून सावलीत झोपवा.’

फोनने तिचे ‘स्स्स’सुद्धा इमानेइतबारे ऐकले होते.

तेवढ्यात साहेब आले, आणि त्यांच्या हातात डबा नव्हता. त्यांच्या सुनेने पत्रक न्याहारीच्या वेळीच वाचले होते. उद्या सकाळी शुद्धिपत्रक निघालेच पाहिजे, एवढे बोलून ते उपाशीपोटी आत गेले.

साहेबांचे एक वेळ निभावले असते. बाईला धास्ती होती ती घरची. तिची नोकरी उभी होती सासूबाईंच्या मांडीवर. पोर सहा महिने बघते, मग ठरवू, असे त्या म्हणाल्या होत्या आणि पाच उलटले होते. ‘वृद्धांना सोसत नाही’ हे वाचून त्या काय ठरवतील, या विचाराने तिला घरचा रस्ता दुप्पट लांब वाटला.

सासूबाई पोरीला घेऊन पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी आधी पाणी दिले. तेच तिला जास्त भयंकर वाटले.

“आई, ते ऊन होतं.”

“ते कळलं मला. मी काय अडाणी आहे?” सासूबाईंनी पोरीचे टोपडे सरळ केले. “सकाळपासून नऊ बायका येऊन गेल्या. एरवी या दारात कुत्रं फिरकत नाही. मी सांगितलं, मजकूर माझा आहे, हिनं नुसता उतरवून घेतला. एकीनं विचारलं, डोक्यावर घ्यायची नाही तर ठेवायची कुठं?”

“मग?”

“म्हटलं, शेजारी बसवावी.”

बाई त्यांच्या शेजारीच बसली होती. ते दोघींच्याही लक्षात आले.

“आता शुद्धिपत्रक-बित्रक काढून माझं नाक कापलंस,” सासूबाई म्हणाल्या, “तर पोर तुझी तू सांभाळ.”

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. बाईने बराच वेळ नख चावले. मग पोरीला पाळण्यात टाकून ती टंकायला बसली, या खेपेला दोन्ही हातांनी. ‘उपरोक्त विषयास अनुसरून, संदर्भाधीन पत्रकातील अनुक्रमांक सात, परिच्छेद तीनच्या अनुषंगाने सर्व संबंधितांस याद्वारे कळविण्यात येते की,’ अशी सुरुवात करून तिने ‘ऊन’ अकराव्या ओळीत नेऊन ठेवले.

साहेबांना भाषा फार आवडली. शुद्धिपत्रक घरोघर गेले. संध्याकाळी सासूबाईंनी चष्मा लावून त्याच्या अडीच ओळी वाचल्या, सरकारी काहीतरी आहे म्हणाल्या आणि ते पोरीच्या वाटीखाली अंथरले.

“उद्या कितीला निघायचंय तुला?” त्यांनी विचारले.