दत्तरावांचा इंग्रजीचा पेपर

गोरेगाव नावाच्या आमच्या खेड्यात दत्तराव मृगात पेरणी करत आणि इंग्रजीत नापास होत. दोन्ही कामं दरवर्षी वेळच्या वेळी उरकत. वय बासष्ट. दहावीचे बाकीचे विषय त्यांनी कधीच काढले होते. राहिली होती एकटी इंग्रजी.

मी त्यांच्या घरासमोर राहतो आणि गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. 'शिकवतो' हा शब्द पगारपत्रकातल्या अर्थानं घ्यावा.

पेपरच्या दिवशी दत्तराव इस्त्रीचा सदरा घालत, खिशाला दोन पेनं लावत आणि घंटेच्या तासभर आधी केंद्रावर हजर होत. एकदा भरारी पथकाच्या साहेबानं त्यांना कॉप्या पुरवायला घुसलेला पालक समजून दंडाला धरून बाहेर आणलं. यांनी शांतपणे हॉलतिकीट काढून दाखवलं.

"पालकच हाय साहेब," म्हणाले, "पन सोताचा."

त्यांच्या नापास होण्याचं कारण अगदी सोपं होतं. ते खरं लिहीत. एका वर्षी प्रश्न आला, सहलीचं वर्णन करणारं पत्र मित्राला लिहा. दत्तरावांनी त्यांच्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं, की सहलीला गेलो नाही, हरभरा काढणीला आला होता. शिवाय मित्र एकच आहे, तो समोरच राहतो, त्याला पत्राची गरज नाही.

मी कपाळावर हात मारला. "अहो, थंड हवेचं ठिकाण, धबधबा, काहीतरी ठोकून द्यायचं!"

"बोर्डाला खोटं काहून सांगू, सर?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुढच्या वर्षी कवितेत बारमाही वाहणारी नदी आली. यांनी कवीला मे महिन्यात आमची कोरडी पडलेली कयाधू नदी बघायला बोलावलं. गुण अर्थातच कयाधूसारखे.

माझ्या वर्गात असले लाड चालत नाहीत. कवितेच्या रसग्रहणासाठी वीस वर्षं मी पोरांकडून पाच ओळी पाठ करून घेतोय. कविता सुंदर आहे. कवी थोर आहे. भाषा सोपी आहे. यमकं छान जुळली आहेत. संदेश सर्वांना उपयोगी आहे. इंग्रजीत या ओळी आणखी भारदस्त वाटतात. कवितेत युद्ध असो, वाघ असो की मेलेलं मांजर, ओळी त्याच. पोरं पास होतात. मला दोनदा शाल मिळाली. कविता वाचायची वेळ पोरांवर आली नाही, आणि आता कबूल करायला हरकत नाही, माझ्यावरही आली नाही.

गेल्या वर्षी मुख्याध्यापक भर स्टाफरूममध्ये म्हणाले, "सर, दिव्याखाली अंधार ऐकला होता. तुमच्या तर दिव्यासमोरच अंधार आहे की!"

सगळे हसले. मीही हसलो, पण शाल टोचली. त्याच दिवशी मी दत्तरावांच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि पाच ओळी त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. ते ऐकेनात. शेवटी मी म्हणालो, "तुम्ही नापास होता आणि इज्जत माझी जाते, दत्तराव."

त्यांनी पाच ओळींचा कागद पुढे ओढला. "मित्राला तकलीफ हाय म्हनल्यावर इलाज न्हाई."

दोन महिने मी घोकून घेतलं. ओळी पाठ झाल्या, धबधबाही पाठ झाला. निकाल लागला. पस्तीस! मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मुख्याध्यापकांना दोन दिले.

दत्तराव मात्र ओट्यावर दिसेनात. तिसऱ्या दिवशी मीच गेलो. ते जुन्या प्रश्नपत्रिका पिशवीत भरत होते.

"आता कशाची उदासी? सुटलात की!"

"व्हय, सुटलो." पिशवीला गाठ मारत म्हणाले, "घरवाली गेल्यापासून घरात बोलायला कोन हाय, सर? पोरगं पुन्याला. फोन केला की 'बरं, ठेवतो' म्हनतं. बोर्डाचं तसं न्हाई. तिथं आपलं वाचायला एक मानूस बसवलेला असतो. नापास करायचं म्हनलं तरी त्याला वाचावंच लागतं. शेवटच्या ओळीपर्यंत."

त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली.

"औंदा कवितेत बाई होती. दारात उभी राहून नवऱ्याची वाट बघनारी. लई लिवायचं होतं तिच्यावर. पन तुमच्या पाच ओळी लिवून आलो. आता फारम बी भरता येत न्हाई. पास झालेल्या मानसाचं कोन वाचतं?"

"माझ्यासाठी लिहा," मी म्हणालो. "मी वाचतो."

"तुमी वाचत न्हाई सर. तुमी टिक करता."

खरं बोलायची त्यांना सवयच. मी मान खाली घालून घरी आलो.

चार दिवसांनी शाळेला निघालो तर त्यांनी ओट्यावरून हाक मारली आणि हातात तीन पानं दिली. दोऱ्यानं शिवलेली, समास आखलेली, वर स्वतःचा बैठक क्रमांक घातलेला. पहिलंच वाक्य त्या मोडक्या इंग्रजीत होतं: माझी बायको गया दारात कधी उभी राहिली नाही, तिला वेळ नव्हता, ती चुलीपाशी बसूनच माझी चप्पल ओळखायची.

सवयीनं माझा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला. तो मी मागे घेतला आणि तिथेच ओट्यावर टेकलो. शाळेची घंटा झाली. दत्तराव समोर उभे होते, मी शेवटच्या ओळीपर्यंत जातो की नाही ते बघत.