तिसऱ्या नळीपाशी हवा

इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डच्या, सांध्यात बसणारे गॅस्केट ज्या कागदातून कापायचे, त्यावर गाडीच्या मालकाने स्वतः लिहिलेला मजकूर असावा लागतो आणि तो खरा असावा लागतो. नाहीतर सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते. गॅरेजमध्ये हा मजकूर मनातल्या मनात वाचला तरी चालतो. घरी बसवताना मात्र तो हजर असलेल्या सर्वांना ऐकू जाईल असा वाचावा लागतो.

त्या सोमवारी गॅरेजला सुट्टी होती, म्हणून मी हे काम घरी काढले. तान्हुबाई झोरे यांच्या मोतीबिंदूसाठी मिरजेच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी अकराची वेळ दिली होती आणि तान्हुबाईंना मीच माझ्या गाडीने नेणार होते. मी जिथे संशोधन केले त्या पठारावरून त्या आदल्या दिवशीच येऊन माझ्याकडे उतरल्या होत्या. याआधी दोनदा तारीख हुकली होती, दोन्ही वेळा माझ्या चर्चासत्रांमुळे. आता त्यांना डाव्या डोळ्याने फक्त उजेड कळत होता.

आठ वाजता दस्तगीर मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन आले आणि त्यांनी मॅनिफोल्ड उतरवला.

"दोन कागद लागतील, मॅडम. वर कार्ब्युरेटरखाली बारका, खाली मोठा. खरंच द्या हां. मागच्या महिन्यात एका वकीलसाहेबांचे सात कागद गेले."

"मी संशोधक आहे," मी म्हणाले.

"म्हणूनच म्हणालो."

बारक्यासाठी मी दूधवाल्याला लिहिलेली जुनी चिठ्ठी दिली: 'उद्या दूध नको, मी परगावी आहे.' मोठ्यासाठी मी विचारपूर्वक माझ्या पीएचडीच्या प्रबंधातील प्रतिज्ञापत्राचे पान काढले. घरात त्याहून कसून तपासलेला कागद नव्हता. त्यावर तीन परीक्षकांच्या सह्या होत्या. पठारावरच्या गवताची एक नवी जात मला प्रथम आढळली आणि सर्व नमुने मी स्वतः शोधले, असे त्यावर इंग्रजीत लिहिले होते. मी ते स्पष्ट उच्चारांत वाचले.

"इंग्रजी हाय व्हय?" व्हरांड्यात चहा पीत बसलेल्या तान्हुबाई म्हणाल्या. "ऐकाया ब्येस वाटतंय."

दस्तगीरनी पान तीनपदरी करून तेलात बुडवले, मॅनिफोल्डच्या तोंडावर धरले आणि कडेकडेने हातोडी ठोकत कापले. बोल्ट आवळून इंजिन सुरू केले, तेव्हा सांध्यातून शीळ वाजू लागली.

"बोल्ट मधून कडेकडे आवळले का?" मी विचारले.

"तीस वर्षं मधूनच आवळतोय."

तरीही मी ते सैल करायला लावले आणि क्रम कागदावर लिहून पुन्हा आवळून घेतले. शीळ कायम राहिली. दस्तगीरनी रबरी नळीचे एक टोक कानाला लावले आणि दुसरे सांध्यावरून फिरवले.

"दूधवाला पक्का बसलाय. तिसऱ्या नळीपाशी हवा घेतंय. तुमच्या परीक्षकांपाशी."

त्यांनी गॅस्केट काढून माझ्या हातात दिले. पान बाकी सगळीकडे स्वच्छ होते. तिसऱ्या भोकाच्या काठावरची एकच ओळ काजळली होती आणि ती कोणती, हे मला वाचावे लागले नाही.

साडेनऊ वाजले होते. मी कोरा कागद घेतला आणि लिहिले: 'प्रस्तुत संशोधनात स्थानिकांचे बहुमोल सहकार्य लाभले.' तेही वाचून दाखवले.

"स्थानिक म्हंजी कोण वो, बाई?" तान्हुबाईंनी विचारले.

"तिथले लोक."

"आसं व्हय."

इंजिन सुरू झाले. दस्तगीरनी बराच वेळ नळी कानाशी धरली. "कमी झालंय," ते म्हणाले, "पण हाय."

मी दुरुस्ती सुचवली, की 'लाभले' ऐवजी 'मोलाचे ठरले' लिहून पाहावे. दस्तगीरनी घड्याळाकडे पाहिले, मग तान्हुबाईंच्या डाव्या डोळ्याकडे. "मॅडम, पाना मी कितीही वेळा फिरवीन. टायमाचं तुम्ही बघा."

मी तिसरा कागद घेतला. यावेळी वाक्ये लहान झाली. वाचताना माझा आवाज वर्गात लागतो तसा लागला नाही, तेव्हा दस्तगीर म्हणाले, "त्यांना ऐकू गेलं पाहिजे." मी पुन्हा सुरुवात केली.

"ते गवत तान्हुबाई झोरे यांनी मला दाखवले. मी ते ओळखले नव्हते. चार पावसाळे नमुने त्यांनीच आणले. त्यांचे नाव छापून येईल, असे मी त्यांना सांगितले होते. मी ते कुठेही लिहिले नाही."

तान्हुबाईंनी कप खाली ठेवला. "झालं लिवून?"

"झाले."

"मग बसवा की वो मिस्त्री. धा वाजाया आलं."

दस्तगीरनी कागद कापून बसवला, आवळला आणि चावी फिरवली. इंजिन लागले आहे की नाही, हे पाहायला मला बॉनेटवर हात ठेवावा लागला.

"आता दहा वर्षं बघायला नको," दस्तगीर म्हणाले आणि हात पुसू लागले. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

आम्ही निघालो. गाडी इतकी शांत चालत होती, की काही बोलणे भाग होते. तुमच्यात त्या गवताला काय म्हणतात, असे मी विचारले. एकतीस वर्षांत हा प्रश्न मी प्रथमच विचारत होते.

"ढवळी," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, "बाई, त्यो कागद आता इंजिनात ऱ्हाणार न्हवं?"

"हो."

"मग त्यो वाचणार कोण?"

विद्यापीठाच्या ग्रंथालयात माझ्या प्रबंधाच्या चार प्रती आहेत आणि त्या चारही प्रतींत प्रतिज्ञापत्राचे ते पान शाबूत आहे. मी गिअर बदलला. इंजिनाचा काहीही आवाज आला नाही.