टिटवीचा भारा

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांना लिहिता येत होतं. वाचायला मात्र कोणाला सवड नव्हती. हसू नका. तुमच्या घरी काही वेगळं चाललेलं नाही.

या जंगलात पत्रं पळसाच्या पानावर लिहीत. काट्याने लिहायचं आणि पाठवायचं. उत्तर द्यायचं तर आलेल्या पानावर आपलं पान ठेवून वेलीने बांधायचं. खालचं एकही पान काढायचं नाही. दुसऱ्याचं पान काढणं म्हणजे त्याचा अपमान, असं जंगलाचे अध्यक्ष दादासाहेब गवा यांनी ठरवून दिलं होतं. शिवाय प्रत्येक पत्र सगळ्यांकडे फिरलं पाहिजे. एखाद्याला वगळलं की तो महिनाभर फुगून बसायचा.

नदीच्या वाळूत एक टिटवी राहायची. तिची चार अंडी वाळूतच होती. नदीला वरच्या अंगाला बांध होता आणि त्याची दारं पाणमांजर सांभाळायचं. बांध काठोकाठ भरला होता. दारं उघडली की वाळू पाण्याखाली जाणार. म्हणून सोमवारी टिटवीने एका पानावर दोन ओळी लिहिल्या.

"पाणमांजरभाऊ, दारं कधी उघडणार? माझी चार अंडी खाली वाळूत आहेत."

पाणमांजराने पान वाचलं. हो, पूर्ण वाचलं. या गोष्टीत असं पुन्हा वेळेत घडणार नाही. मग प्रश्न जिथे होता तिथेच, त्याच पानावर, त्याच्या खाली त्याने उत्तर लिहिलं.

"गुरुवारी सकाळी. त्यापुढे थांबलो तर बांध फुटेल. अंडी मी उचलून काठावर ठेवतो. ताई, तू फक्त हो म्हण."

कोणाच्या अंड्यांना न विचारता हात लावायचा नाही, हाही त्या जंगलाचा नियम होता. तो तेवढा बरा होता.

पान नियमाप्रमाणे आधी दादासाहेबांकडे गेलं. त्यांनी ते न वाचता वर आपलं पान बांधलं. "योग्य ती कार्यवाही व्हावी." एवढ्या चार शब्दांखाली त्यांची सही तीन पानं चालली. दादासाहेब गवा, अध्यक्ष, माजी उपाध्यक्ष, कुरण समितीचे संस्थापक, चिखल महोत्सवाचे आधारस्तंभ. शेवटी सूचना होती: "हे पान चुकून आपल्या हाती आल्यास खाऊन नष्ट करावे."

मग पान कोल्ह्याकडे गेलं. कोल्हा विद्वान. त्याने दादासाहेबांचा मजकूर सहीसकट स्वतःच्या पानांवर उतरवला. शब्द दुसऱ्याचे आहेत हे कळावं म्हणून प्रत्येक ओळीआधी नखाने एक ओरखडा काढला. आणि शेवटी स्वतःचं मत लिहिलं, "सहमत."

तरसाने कोल्ह्याचं सगळं उतरवलं. आता ओळीआधी दोन ओरखडे. शेवटी, "मीही हेच म्हणणार होतो." अस्वलापर्यंत पोचता पोचता सात ओरखडे झाले आणि ओळीत अक्षरांना जागाच उरली नाही. अस्वलाने ते ओरखडे बारकाईने पाहिले आणि लिहिलं, "फार मोलाचा मुद्दा."

मोराला पुढच्या महिन्यात नाच करायचा होता. नवं पान कोण शोधणार? त्याने याच गठ्ठ्यावर निमंत्रण बांधलं. त्यावर चाळीस जणांनी अभिनंदन बांधलं. सशाने लिहिलं, "मला यातून वगळा." मग पस्तीस जणांनी लिहिलं, "मलाही." आणि त्यांना रानडुकराने सगळ्यांदेखत समजावलं की असं सगळ्यांना लिहू नये.

गठ्ठ्याचा भारा झाला. बुधवारी दुपारी दोन रानडुकरांनी तो ओढत आणून टिटवीपुढे टाकला.

टिटवी वरून वाचू लागली. अभिनंदन. अभिनंदन. मला वगळा. सहमत.

शेजारी सायाळ मुळं उकरत होती. तिने तो भारा पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"टिटवीताई, वाचत काय बसलीस? मी काट्याने वेल तोडते. ही वरची कचरापट्टी काढून फेकू. तुझ्या कामाचं एखादं पान निघेल."

"अगं बाई, हळू बोल!" टिटवी घाबरून म्हणाली. "यात दादासाहेबांचं पान आहे."

"मग? ते काय अंडी उबवायला येणार आहेत?"

"असं तोडून चालत नाही, सायाळबाई. कोणी पाहिलं तर म्हणतील, टिटवीला रीतभात नाही."

मला त्या गव्याचा राग येतोच, पण टिटवीचा जास्त येतो. आणि वाईटही जास्त तिचंच वाटतं.

बांधावर पाणमांजर एका शब्दाची वाट पाहत बसलं होतं.

गुरुवारी उजाडलं तेव्हा टिटवी तळाशी पोचली होती. दादासाहेबांच्या सहीचं तिसरं पान तिने मान देऊन वाचलं. खाली एकच पान उरलं. वरच्या कडेला तिला आपलंच अक्षर दिसलं.

"हे तर माझंच," ती म्हणाली. "म्हणजे पाणमांजराने उत्तर दिलंच नाही. कमाल आहे बाई! काय माणुसकी म्हणून..."

पुढचं बोलणं पाण्याच्या आवाजात बुडालं. टिटवी उडाली. अंड्यांना उडता येत नाही.

पाण्यावर सगळी पानं पसरली. त्यांत तिचं पान तरंगत होतं. तिने वरून घिरटी घातली आणि पहिल्यांदाच ते शेवटपर्यंत वाचलं. ताई, तू फक्त हो म्हण.

"हो," टिटवी ओरडली. "हो, हो, हो." ती अजूनही नदीकाठी तशीच ओरडत फिरते.

दादासाहेबांनी चौकशी लावली. पाणमांजराला उभं केलं.

"उत्तर खाली का लिहिलंत?"

"प्रश्न तिथे होता, साहेब."

"उत्तर वर बांधायचं असतं! आमच्या खाली लिहिलेलं आम्ही वाचायचं?"

पाणमांजराची बांधावरून बदली झाली. वेल तोडायची भाषा केली म्हणून सायाळीला समज मिळाली. मग दादासाहेबांनी शोकसंदेश काढला आणि संपूर्ण जंगलाने तो उतरवून उतरवून त्यावर आपलं दुःख बांधलं. काहींनी मोराचं पुन्हा अभिनंदन केलं.

तोही भारा टिटवीपुढे आला. तिने एकही पान उलटलं नाही. एका कोऱ्या पानावर दोन शब्द लिहून ते वर बांधलं.

"मला वगळा."

त्यावर कोल्ह्याने ताबडतोब आपलं पान बांधलं.

"सहमत."

तात्पर्य: मोठ्यांच्या लिखाणातला एक काना-मात्राही कापू नये, अंडी काय, पुढच्या वर्षी पुन्हा घालता येतात. आणि बाळांनो, ही गोष्ट आवडली असेल तर अख्खी उतरवून घ्या, शेवटी 'छान' एवढंच लिहा आणि सगळ्यांना पाठवा. टिटवीलासुद्धा.